वाकून जाणारी माणसं

५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझ्या मागच्या पत्रात चारच ओळी होत्या. दोन मामीच्या सर्दीबद्दल, एक हवेबद्दल आणि चौथी कामाची: "ताई सगळ्यांना सांगत सुटली आहे की पोरगी हवेतून सिनेमे पाठवते. खरं काय ते मला कळेल असं लिही." म्हणून हे लांब पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फरशी कापायच्या कटरच्या आवाजानं तुझे कान गेल्यापासून आपण दोघं फोनवर फक्त "काय?" आणि "बरं" एवढंच बोलतो.

आई अगदीच चुकीचं सांगत नाही. ऑपरेशनच्या खोलीत हल्ली पोटात किंवा सांध्यात एक बारीक कॅमेरा घालतात आणि डॉक्टर पडद्यावर बघून काम करतात. कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत जमिनीवरून जाड केबल जाते. तिला लोक अडखळतात, ती पुसावी लागते, आणि ती मधेच ओढली गेली तर काय होईल ते सांगायला नको. आमचं काम ती केबल काढून टाकण्याचं. पलंगाच्या दांडीला एक छोटी पेटी, पडद्यावर दुसरी पेटी, आणि मधे फक्त हवा.

साध्या वायफायनं हे जमत नाही. इतकं मोठं चित्र त्यातून पाठवायचं तर आधी दाबून लहान करावं लागतं, मग उलगडावं लागतं, आणि तेवढ्यात डॉक्टरांचा हात पुढे गेलेला असतो. म्हणून आम्ही फार बारीक लाटा वापरतो. घरच्या वायफायची लाट साधारण हाताच्या पंजाएवढी लांब असते. आमची पाच मिलिमीटर, म्हणजे दोन फरश्यांच्या मधे तू जो मोठा प्लास्टिकचा स्पेसर लावतोस, तेवढी. अशा लाटांवर सेकंदाला अब्जावधी आकडे बसतात. पण त्या नाजूक असतात. भिंत ओलांडत नाहीत, आणि चहूकडे पसरू दिल्या तर वाटेतच विरून जातात. म्हणून नखाएवढ्या चकतीवर बत्तीस अँटेना बसवून आम्ही त्यांचा एकच बारीक झोत करतो आणि तो नेमका समोरच्या पेटीवर रोखतो. माणूस मधे आला की झोत मेला. साधा हात आडवा धरला तरी पुरतो. मग पेटी बिचारी नव्यानं दिशा शोधत बसते, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी.

आणि तरीही, मामा, आमच्या मोजणीच्या खोलीत नव्वद दिवसांत चित्र एकदाही तुटलेलं नाही. त्याचा अहवाल मी लिहिला आहे. खाली सही माझी. पुढच्या महिन्यात एका मोठ्या रुग्णालयात तो वाचून तीन खोल्यांमधल्या केबली काढणार आहेत, आणि त्याच सुमाराला माझं नोकरीत कायम होण्याचं पत्र यायचं आहे.

एक गंमत सांगते. पहिल्या महिन्यात झोत कुठून जातो ते कळावं म्हणून आम्ही पेटीपासून पेटीपर्यंत छातीच्या उंचीवर लाल दोरा बांधला होता. सगळे त्याच्याखालून वाकून जायचे. दोरा काढून दोन महिने झाले, तरी आमची अँटेना डिझाइन करणारा सहाफुटी बुवा अजून तिथं आला की कमरेत वाकतो. आमच्या प्रमुख मॅडमही वाकतात. मीसुद्धा. नवीन माणसाला वाटेल आम्ही कोणाला तरी मुजरा करतोय.

तू मला लहानपणी गाल फरशीला टेकवून उंचसखल बघायला शिकवलंस. मोजमापावर माझा विश्वास बसला तो तिथेच. पदवी मिळाली तेव्हा सगळ्यांनी कॉलेजचे आभार मानले. मी मनात तुझे मानले होते. ते कागदावर लिहायचं राहून गेलं होतं, म्हणून आज लिहिलं.

तुझी,
फुटपट्टी

(अजून हेच नाव. ऑफिसात कळलं तर माझी खैर नाही.)


११ फेब्रुवारी

फुटपट्टीस,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मामी म्हणाली, "एवढं काय त्यात?" मी म्हटलं, भाची मुजरा करते रोज, हवेला.

फुटपट्टी म्हणणं सोडणार नाही. शाळेची पट्टी घेऊन माझ्या मागे मागे फिरून प्रत्येक सांधा मोजणारी आणि "मामा, हा अर्धा मिलिमीटर जास्त आहे" असं मालकासमोर सांगणारी कारटी दुसरी कोणी नव्हती.

आभाराचं कळलं. असलं लिहीत जाऊ नकोस, मला चष्मा पुसावा लागतो.

आता माझं ऐक. आम्ही फरशी लावताना खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणतो. वीतभर उंचीवर. माझी माणसं दिवसभर त्या दोरीवरून ये-जा करतात, डोक्यावर घमेलं, हातात चहा, तोंडात गप्पा. एकाचाही पाय लागत नाही. खाली बघतही नाहीत. दोरी त्यांच्या पायांत भिनलेली असते. मागच्या आठवड्यात मालकीणबाई बहिणीला स्वयंपाकघर दाखवायला आल्या. दोघी बोलत बोलत सरळ दोरीतून चालत गेल्या. सकाळपासूनची ओळ गेली. माझा माणूस चिडला, "ताई, दिसत नाही का?" त्यांना कशी दिसणार? त्यांच्या दृष्टीनं ते स्वयंपाकघर होतं.

तुमच्या त्या खोलीत बाहेरचं कोणी येतं का? तुझी मोजणी चालू असताना?

मला त्या झोतातलं काही कळत नाही, उगाच विचारलं असेल. पण तुमचा दोरा काढलाय असं तू म्हणतेस आणि माणसं वाकतात असंही म्हणतेस. म्हणजे दोरा आहेच की.

इकडे सगळं ठीक. हल्ली मी स्टुलावर बसून नुसते हुकूम सोडतो. पोरं म्हणतात, साहेब झाला. आणखी एक विचारायचं होतं. तो पडद्यावरचा सिनेमा पेशंटला दिसतो का, की फक्त डॉक्टरांना?

मामा


१७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि आधी हसले. मग डबा तसाच ठेवून वर गेले.

आमच्या खोलीत बाहेरचं कोणी येत नाही. दारावर पाटी आहे: मोजणी चालू, आत येऊ नये. ती पाटी मीच लावली आहे.

दुसऱ्या दिवशी मी खालच्या मजल्यावर सफाई करणाऱ्या तिघी बायका आणि शेजारच्या ऑफिसातले दोघं असे पाच जण वर बोलावले. त्यांना काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की हा पलंग आहे, त्यावर आजारी माणूस आहे असं समजा, चादर बदला, टेबलावरचं सामान इकडून तिकडे न्या, एकमेकांशी बोला. त्यांनी छान काम केलं. सगळ्यात मोठ्या बाई तर पलंगावरच्या उशीला म्हणाल्या, "काका, जरा सरका." चाळीस मिनिटांत चित्र तेवीस वेळा तुटलं. सर्वांत जास्त वेळ गेलं ते जवळजवळ दोन सेकंद. मामा, दोन सेकंद. डॉक्टरांचा हात आत आणि समोर पडदा काळा.

नव्वद दिवस आम्ही आमच्या पेटीची परीक्षा घेत नव्हतो. आम्ही तिला सांभाळत होतो, आणि ते आम्हाला माहीत नव्हतं.

मी हे आधी सहाफुटी बुवाला दाखवलं. तो वाईट नाही, उलट मला सगळं त्यानंच शिकवलं आहे. तो म्हणाला, "अगं, ऑपरेशनच्या खोलीतले लोक शिस्तीचे असतात. त्यांना एक दिवस प्रशिक्षण देऊ. आपल्याला सवय झाली, त्यांनाही होईल. नव्वद दिवसांचा आकडा खोटा नाहीच." आणि हे खरं आहे. आकडा खोटा नाही. मी प्रत्येक दिवस मोजला आहे. म्हणून तर काय करावं ते मला कळत नाही.

मॅडमना अजून सांगितलेलं नाही. माझ्या सहीचा अहवाल रुग्णालयात गेला आहे, तारीख ठरली आहे. कायम होण्याच्या महिनाभर आधी स्वतःचाच अहवाल चुकला म्हणून सांगणारी मुलगी कोण ठेवून घेईल? घरात पहिली पदवी माझी. आई रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगते. तिला काय सांगू?

कॉलेजात आम्ही सगळे म्हणायचो, शास्त्र म्हणजे सत्य. मी तर फार मोठ्यानं म्हणायचे. आता जिना चढून मॅडमच्या खोलीपर्यंत जायला पाय उचलत नाही.

तू काय केलं असतंस, ते लिही. उपदेश नको. तू काय केलं असतंस तेवढंच.

तू स्टुलावर बसून हुकूम सोडतोस हे वाचून बरं वाटलं. शेवटी बढती घेतलीस म्हणायची. आणि हो, पेशंट जागा असेल तर त्यालाही पडदा दिसतो. तुला का हवंय?

तुझी,
फुटपट्टी


२२ फेब्रुवारी

पोरी,

तू विचारलंस मी काय केलं असतं. काय केलं असतं ते नको, मी काय केलं ते सांगतो. मामीलाही हे माहीत नव्हतं. काल तिला सांगितलं, मग तुला लिहायला बसलो.

तू जन्मायच्या आधीची गोष्ट. स्वतंत्र मिस्त्री म्हणून माझं ते तिसरं की चौथं काम. एका घराचं न्हाणीघर. फरशी लावली, सुकली, बादली ओतून बघितली. पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी दाराकडे आलं. ढाळ चुकला होता. थोडासाच. बघणाऱ्याला कळला नसता. मी फडक्यानं पाणी पुसलं आणि मालकाला म्हटलं, झालं काम. तो खूश. त्यानं मला आणखी दोन घरं सांगितली.

रोज ठरवायचो, उद्या जाऊन सांगू. उखडून पुन्हा लावू. माझं मन मला सांगायचं, सगळं न्हाणीघर कुठे बिघडलंय, घरातल्या माणसांना सवय होईल, दाराशी पायपुसणं टाकतील. आणि टाकलंही त्यांनी. पाच महिन्यांनी त्यांचे म्हातारे वडील दाराशी घसरले. खुबा मोडला.

मी बघायला गेलो. त्यांना काही माहीत नव्हतं. माझा हात धरून म्हणाले, मिस्त्री, तू एवढं काम टाकून आलास, तुझे उपकार. त्यांनी माझे आभार मानले, पोरी. मी चहा पिऊन परत आलो. तेव्हाही सांगितलं नाही.

त्यानंतर मी एकही खोली बादली ओतल्याशिवाय मालकाच्या ताब्यात दिली नाही, आणि बादली मी मालकाच्या हातात देतो. लोक म्हणतात, मिस्त्री प्रामाणिक आहे. ते का, ते मला ठाऊक.

उपदेश नको म्हणालीस म्हणून एवढंच. सांगायचं ठरलं तर सकाळी सांग. दुपारी जेवण झाल्यावर माणसाला उद्याचा दिवस फार जवळ वाटतो.

ताईची काळजी करू नकोस. तिला मी बघून घेईन.

पुढचे काही दिवस मी बाहेरच्या कामावर आहे. पत्र उशिरा मिळेल. रागावू नकोस.

मामा


२ मार्च

प्रिय मामा,

सकाळीच सांगितलं. दप्तरसुद्धा खाली ठेवलं नाही.

मॅडमनी माझे आकडे दोनदा वाचले. मग म्हणाल्या, "आपण खरंच वाकतो?" मी म्हटलं, हो. "मी पण?" मी म्हटलं, हो मॅडम. "शक्य नाही." त्या उठल्या, तावातावानं मोजणीच्या खोलीत आल्या, खिडकी उघडायला पलीकडे निघाल्या आणि नेमक्या जागी खाली वाकल्या. सगळे बघत होते. कोणी हसलं नाही. त्या तशाच वाकलेल्या अवस्थेत म्हणाल्या, "फोन लावते रुग्णालयाला."

केबली काढणं थांबलं. तिथले मुख्य शल्यविशारद फार चिडले. माझं कायम होणं तीन महिने पुढे गेलं. बुवा माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतो, तेही पडद्याकडे बघून. त्याच्याही कामावर मी पाणी ओतलं आहे, हे मला कळतं. आईला मी स्वतः सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पण तुझं काम चालू आहे ना?" मी म्हटलं, आहे. "मग झालं." मी उगाच घाबरले होते.

तू त्या न्हाणीघराची गोष्ट मला सांगितलीस. मी ते पत्र कोणालाही दाखवलेलं नाही आणि दाखवणार नाही. पण त्या सकाळी ते माझ्या खिशात होतं. तीस वर्षं जे कोणाला सांगितलं नाहीस ते माझ्यासाठी काढून दिलंस. त्याला आभार हा शब्द अपुरा आहे, आणि दुसरा मला येत नाही.

आता अडचण वेगळीच आहे. ऑपरेशनच्या खोलीत माणसं खरोखर कशी वावरतात ते आम्हाला माहीत नाही. कोण कुठे उभं राहतं, किती वेळा मधे येतं, किती वेळ थांबतं. ते कळलं तर दुसरी पेटी कुठे लावायची ते ठरवता येईल. पण बाहेरच्या माणसाला तिथे उभं राहू देत नाहीत, चित्रीकरण तर नाहीच. परवानगीचा अर्ज केला आहे. आता ज्यांना आम्ही तारीख देऊन मागे हटलो, तेच लोक परवानगी देणार. सफाईच्या बायका रोज अर्धा तास येतात आणि मनापासून मदत करतात, पण त्यांनीही ती खोली आतून पाहिलेली नाही.

तू कुठे आहेस? कसलं काम आहे बाहेरचं? मामीला फोन केला तर ती म्हणाली, "तुझा मामा ठीक आहे, जेवतोय." मी विचारलंच नव्हतं जेवतोय का.

तुझी,
फुटपट्टी


१९ मार्च

फुटपट्टीस,

आधी रागावून घे. मग पुढे वाच.

बाहेरचं काम वगैरे काही नव्हतं. माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तीस वर्षं गुडघ्यांवर बसून काढली, त्यांनी एक दिवस हिशेब मागितला. स्टुलावर बसत होतो ते साहेब झालो म्हणून नाही, खाली बसलो तर उठता येत नव्हतं म्हणून. तुझ्या डोक्याला तेव्हा पुष्कळ ताप होता, त्यात हा नको म्हणून कळवलं नाही. मामीनं पहिल्या दिवसापासून विरोध केला, तो इथे नोंदवावा असं तिचं म्हणणं आहे. नोंदवला.

आता कामाचं. कमरेखाली बधिर केलं होतं, मी टक्क जागा. दोन बारीक भोकं पाडली, एकातून कॅमेरा. पडदा माझ्या उजव्या अंगाला. तुझ्या पेट्या नव्हत्या तिथे, जमिनीवरून ती तुझी जाड केबलच होती. आणि मला ऐकू कमी, त्यामुळे गप्पांत लक्ष जायचा प्रश्न नव्हता. पाऊण तास मी फक्त बघितलं. माझा गुडघा आतून पाच मिनिटं बघितला, काही खास नाही, जुन्या सांध्यातला भुगा निघतो तसं दिसतं. तुझं पत्र आदल्या दिवशीच मामीनं आणून दिलं होतं. मग म्हटलं, पोरीला परवानगी नाही, मला तर झोपवून आत आणलंय.

खोली लांबीला अकरा फरश्या, रुंदीला नऊ. दोन फुटी फरशी, भिंतीवरही तीच, त्यामुळे उंचीही मोजता आली: छत पाच फरश्यांवर. सोबत कागद जोडला आहे. वॉर्डात आल्यावर सिस्टरकडे मागून लगेच काढला, विसरायच्या आत.

माझ्याशिवाय सहा माणसं. कोणीही वाकत नाही, तुझा बुवा तिथे एकटाच वाकत बसला असता. भूल देणारे डॉक्टर माझ्या डोक्याशी स्टुलावर. दर थोड्या वेळानं उठून माझ्यावरून पडद्यात डोकावायचे, म्हणजे बरोब्बर तुझ्या वाटेत. नऊ वेळा. हत्यारं देणारी सिस्टर बहुतेक एका जागी, पण ताट उंच धरायची. दुसरी सिस्टर सारखी फिरती, तिचे रस्ते कागदावर तुटक रेघांनी दाखवलेत. वरचा मोठा दिवा दोनदा खाली ओढला, तो ताटलीएवढा नाही, परातीएवढा आहे.

आणि एक गोष्ट तू कुठेच लिहिली नव्हतीस. गुडघ्यात सतत पाणी सोडतात, आत स्वच्छ दिसावं म्हणून. त्याच्या मोठ्या पिशव्या एका उंच स्टँडवर लटकतात. हा स्टँड पलंग आणि पडदा यांच्या मधोमध. एकदा भरलेल्या पिशव्या लावल्या की कुणी न हलवता पाऊण तास तिथेच. माणूस आला तर जातो तरी. तुमच्या झोताला पाणी चालतं का?

खोलीतली एकच जागा मला अशी दिसली जिच्यापासून पलंगापर्यंत पूर्ण वेळ कोणी आडवं आलं नाही. पायाकडच्या भिंतीचा वरचा कोपरा, दाराच्या डोक्यावर, वरून दुसरी फरशी. तिथे फुली केली आहे. दिवा खाली आला तरी ती मोकळी होती. बघ, उपयोग झाला तर.

एक राहिलं. तिथे पडून पडद्याकडे बघताना माझ्या मनात येत होतं, की हा कॅमेरा कोणीतरी पोरापोरींनी वर्षानुवर्षं बसून बनवला असणार, आणि प्रत्येक तुकडा कोणीतरी तपासून सही करून पाठवला असणार. नाहीतर हे लोक माझ्यावर इतक्या निवांतपणे काम करू शकले नसते. त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत. मी तिथे पडल्या पडल्या त्यांना नमस्कार केला. भूल देणाऱ्या डॉक्टरांना वाटलं मला काही दुखतंय.

काठी घेऊन चालतो. काळजी नको.

मामा


२५ मार्च

प्रिय मामा,

रागावून घेतलं. चांगले दोन दिवस. मामीच्या विरोधाची नोंद मी वेगळ्या कागदावर करून ठेवली आहे, पुढच्या वेळी दाखवायला. आता तू माझ्यापासून काहीही लपवणार नाहीस. मी सगळं सांगते आणि तू गुडघा लपवतोस, हे कुठल्या न्यायात बसतं?

मग तुझा कागद उघडला.

मी तो मॅडमच्या टेबलावर ठेवला. "कोणी काढला?" मी म्हटलं, माझ्या मामानं, ऑपरेशनच्या टेबलावरून. त्यांना वाटलं मी थट्टा करते. मग त्यांनी फरश्या मोजायला सुरुवात केली, आणि बुवाला हाक मारली. बुवा आला, बघत राहिला. आणि पंचवीस दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला: "पाण्याच्या पिशव्या. आपण पाण्याच्या पिशव्यांचा विचारच केला नाही."

झोताला पाणी अजिबात चालत नाही, मामा. माणूस मधे आल्यावर झोत मरतो तोही बराचसा माणसातल्या पाण्यामुळेच. हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे, आम्ही परीक्षेत लिहिलं आहे. तरी ऑपरेशनच्या खोलीत पाणी टांगलेलं असेल हे आमच्यापैकी कोणालाही सुचलं नाही. आम्ही स्टँडवर भरलेल्या पिशव्या लावून बघितलं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

आज दुपारी बुवा शिडीवर चढून आमच्या खोलीत तुझ्या फुलीच्या जागी दुसरी पेटी ठोकत होता. मी शिडी धरली होती. तो वरूनच म्हणाला, "तुझ्या मामांना विचार, पुढचं ऑपरेशन कधी आहे." मग स्वतःच ओशाळला. मी हसले. आमचं बोलणं सुरू झालं.

गुडघा जपून वापर. हे उपदेश म्हणून घेतलास तरी चालेल.

तुझी,
फुटपट्टी


८ जुलै

प्रिय मामा,

तीन महिने नुसत्या चिठ्ठ्या पाठवल्या, आज नीट लिहिते.

परवानगी मिळाली. मॅडमनी तुझ्या कागदाची प्रत अर्जाला जोडली होती. तेच चिडलेले मुख्य डॉक्टर तो बघून म्हणाले म्हणे, "हा माणूस माझ्याकडे असता तर खोली वेगळी बांधली असती." त्यांनी आमच्यासाठी एक खोली दिली, पण अट घातली की केबल राहील. ती आता छतावरून खाली आणली आहे, पायात येत नाही. पडद्याला दोन्हीकडून चित्र मिळतं, डॉक्टर केबलचं बघतात, आणि आम्ही शेजारच्या खोलीत बसून हवेतून आलेलं किती वेळा तुटतं ते मोजतो.

दोन जागी पेट्या लावल्या. एक पडद्यावर, एक दाराच्या डोक्यावर. खरं अवघड काम पेट्यांचं नव्हतं, वेळेचं होतं. झोत मेल्यावर नवी वाट शोधायला गेलं तर उशीर झालेला असतो. म्हणून आता पलंगावरची पेटी चित्र पाठवता पाठवता मधेच डोळा मिटून उघडावा इतक्यात दुसऱ्या वाटेवर एक हाक मारून घेते: आहेस ना? आहे. आणि पहिल्या वाटेवरचा झोत नुसता मंदावायला लागला, कोणाचा खांदा नुसता जवळ आला, तरी वाट बदलते. हे बुवाचं आणि माझं दोघांचं काम आहे. त्यानं स्वतः कागदांवर माझं नाव पहिलं लिहिलं.

अकरा ऑपरेशनं झाली. हवेतलं चित्र तीन वेळा तुटलं. सर्वांत जास्त पाव सेकंद. दोनदा का ते आम्हाला कळलं. एकदा का, ते अजून कळलेलं नाही. अहवालात तसंच लिहिलं आहे, आणि शेवटी लिहिलं आहे की केबल इतक्यात काढू नये. पाच महिन्यांपूर्वी मला ती केबल काढून जगाला दाखवायचं होतं. आता ती छताला लटकलेली बघून मला बरं वाटतं.

निरीक्षण कोणाचं ते लिहायची जागा असते. मॅडमनी विचारलं, "मामांचा हुद्दा काय लिहायचा?" मी म्हटलं, फरशी मिस्त्री. त्यांनी तसाच लिहिला. त्याच्याखाली सफाईच्या तिघींचीही नावं आहेत, ती त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिली. एक प्रत सोबत पाठवते.

कायम झाले. पत्र मागच्या मंगळवारी आलं, ते सांगायचं विसरतच होते.

मामा, मला वाटायचं की घरात शिकलेली मी पहिली. आता तसं म्हणवत नाही.

तुझी,
फुटपट्टी


१४ जुलै

फुटपट्टीस,

अहवाल पोचला. पाकीट फोडायच्या आधी मामीनं हात धुवायला लावले.

माझा हुद्दा छापलेलं पान तिनं शेजारी नेऊन दाखवलं, मग वरच्या मजल्यावर, मग ताईकडे. आता ते पान थोडं चुरगळलं आहे. कामावर पोरांनी विचारलं, मिस्त्री, तुम्ही डॉक्टर झालात म्हणे. मी म्हटलं, अजून नाही, दुसरा गुडघा बाकी आहे. घाबरू नकोस, तो धडधाकट आहे. लपवत नाही.

पुन्हा कामाला लागलोय. खाली बसायचं बंद, शिकवायचं काम जास्त. परवा जिना काठीशिवाय चढलो. त्याबद्दल कोणाकोणाचे आभार मानायचे याची यादी करायला बसलो तर ती संपेना, म्हणून सगळ्यांच्या वतीनं तुझेच मानतो. तुझ्या वाट्याला आलेले आभार पुढे पोचवायचं काम तुझं.

अहवाल सगळा वाचला. चार दिवस लागले. आकडे कळले नाहीत, आकृत्या थोड्या कळल्या, शब्द मामीच्या जुन्या शब्दकोशातही सापडले नाहीत. पण सातव्या पानावर एक ओळ आहे. चित्र तीन वेळा तुटले, त्यांपैकी एका वेळेचे कारण आम्हास समजलेले नाही. ती मी मामीला मोठ्यानं वाचायला लावली, माझ्या चांगल्या कानाशी बसवून. मग पुन्हा एकदा.

ती म्हणाली, "अहो, यात काय आहे एवढं? चुकलेलंच तर लिहिलंय."

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं, बाकीचं सगळं कोणीही लिहिलं असतं. ही ओळ आपल्या पोरीची आहे.

मामा